आवाज मागच्या रांगेपर्यंत

३ मार्च

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच आहे, मुंग्यांची मिरवणूक. तीस वर्षं ग्रंथालयातल्या पुस्तकांना बाइंडिंग करतेस, त्यातली दोन वळणदार अक्षरं हाताला लागली असती तर काय बिघडलं असतं? तुझी वहिनी म्हणते, वाचता येत नसेल तर इकडे द्या. मग ती वाचते आणि मला निम्मंच सांगते.

आपला नियम मी पाळतो आहे. गेल्या निवडणुकीत तू मला फोनवर बुरसटलेला म्हणालीस, मी तुला देशबुडवी म्हणालो आणि दोघांनी एकाच क्षणी फोन आपटला. वहिनीच्या मते ते आपलं शेवटचं एकमत. तेव्हापासून फोन बंद, पत्रं सुरू, आणि पत्रात राजकारणाला एकच ओळ. कागदावर आवाज चढत नाही हे तुझं म्हणणं खरं निघालं. तुझी एखादीच गोष्ट खरी निघते, म्हणून लक्षात राहिली.

गुडघा बरा आहे, म्हणजे दुखतो पण चालतो. निवडणुकीमुळे माइक-स्पीकरचं काम भरपूर आहे. शुक्रवारी टाउन हॉलमध्ये मास्तरांची सभा. हो, तेच आपले गणिताचे मास्तर. सत्तराव्या वर्षी तुमच्या पक्षाकडून उभे राहिलेत. शाळेत मला उत्तर चुकलं की बाकावर उभं करायचे, आता मी त्यांना स्टेजवर उभं करणार.

त्यावरून अध्यक्षाने मला दुकानात बोलावून चहा पाजला आणि चिडवलं, की शत्रूचा घसा साफ करून देतोस होय. चाळीस वर्षांची आमची मैत्री, आणि तो आमच्या पक्षाचा शाखाध्यक्ष झाला तरी फर्निचर विकता विकता लोकांच्या टोप्या उडवायची सवय काही जात नाही. मी म्हटलं, माइकला पक्ष नसतो. तो म्हणाला, मग माइकवाल्याला कशाला आहे? खूप हसलो.

नियमाची ओळ: मास्तर आपटणार.

लोभ आहेच, तो मतमोजणीपर्यंत टिकवावा.

तुझा,
दादा


७ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहितो आहे. टीव्हीवर काहीबाही ऐकशील, त्याआधी माझ्याकडून ऐक. मास्तर जिवंत आहेत.

सभा चांगली झाली. म्हणजे गर्दी चांगली झाली, भाषण तुमच्या पद्धतीचं होतं. आमचा अध्यक्षसुद्धा पहिल्या रांगेत येऊन बसला होता, मोठ्या मनाने. संपल्यावर स्टेजवर जाऊन त्याने मास्तरांचा हात हातात घेतला, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वायरी गुंडाळत होतो. पाच-सात मिनिटांत मागच्या गल्लीतून आरडाओरडा आला. मागच्या दाराबाहेर तोंडाला रुमाल बांधलेल्या दोघांनी मास्तरांना लोखंडी पाइपने मारलं. जबडा तीन ठिकाणी मोडला आहे. बाकी कुठे एक ओरखडा नाही, हातावरचं घड्याळसुद्धा तसंच.

मी आणि हॉलच्या वॉचमनने त्यांना उचलून माझ्या टेम्पोत घातलं. स्पीकरखाली अंथरायची गादी त्यांच्या डोक्याखाली दिली. ते काहीतरी सांगत होते आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. माणसाचा आवाज पोचवण्यावर माझं पोट आहे, आणि हातभर अंतरावरचा माणूस मला ऐकू येत नव्हता. वाईट वाटलं.

पोलीस म्हणतात, साक्षीदार नाही. आमच्या पक्षाने निषेधाचं पत्रक काढलं. अध्यक्षाने ते स्वतः लिहिलं आणि मला वाचून दाखवलं.

नियमाची ओळ: हे भुरट्या गुंडांचं काम आहे, यात पक्ष आणू नकोस.

काळजी करू नये. लोभ वाढवता आला नाही तरी आहे तेवढा ठेवावा.

तुझा,
दादा


११ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं तशी उभ्या उभ्याच लिहिते आहे, अक्षराला नावं ठेवायच्या आधी हे ध्यानात घे. याच मास्तरांनी मला त्रैराशिक येईपर्यंत घरी सोडलं नव्हतं आणि नंतर स्वतःच्या सायकलवर घरी पोचवलं होतं. त्यांना भेटायला जा. ग्रंथालयाच्या नियमांप्रमाणे मला इतक्यात रजा मिळणार नाही.

भुरटे गुंड पाकीट मारतात रे दादा, जबडा मारत नाहीत. बोलणाऱ्याचा जबडाच नेमका मोडतो आणि घड्याळ हातावर तसंच राहतं, हे गणित मास्तरांनी शिकवलेल्या कुणालाही सुटेल. तू बाकावर उभा असायचास म्हणून तुला सवलत देते. आणि पत्रक कसलं काढता? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, एवढंच त्यात लिहिलं असणार.

ही पाच वाक्यं मी एक ओळ म्हणून धरली आहेत. माझं अक्षर बारीक आहे.

वहिनीला सांग, गुडघ्याचं तेल पाठवते आहे. ते लाव, टेम्पोच्या कडीला लावू नकोस.

राग आला तरी लोभ कमी करू नये.

तुझी,
धाकटी


१५ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तेल पोचलं. वास उग्र आहे.

नवीन स्पीकरमध्ये घरघर येते आहे. जुना ॲम्प्लिफायरही बदलावा म्हणतो. हवा गरम आहे. मास्तरांना भेटून आलो, जबडा तारांनी बांधला आहे, पाटीवर लिहून बोलतात. मला लिहून विचारलं, सभेचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला होता का? मी हो म्हटलं.

आणखी विशेष काही नाही.

तुझा,
दादा


१६ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमच्या दादांचं कालचं पत्र मी वाचूनच टाकलं. त्यात नियमाची ओळ नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. ती ओळ मी लिहिते.

तुम्हाला त्यांची पद्धत ठाऊक आहे. सभा संपली तरी ते माइक बंद करत नाहीत, नुसता आवाज खाली घेतात. बटण दाबलं की स्पीकरमध्ये धप्प होतं आणि म्हाताऱ्यांच्या छातीत कळ येते, असं त्यांचं शास्त्र. सगळ्या वायरी गुंडाळून झाल्या की मग बटण. तोवर रेकॉर्डिंगचं मशीन आपलं चालूच. वीज फुकट जाते म्हणून मी वीस वर्षं भांडते आहे.

बुधवारी ते घरघर कुठून येते हे तपासायला मास्तरांच्या सभेचं रेकॉर्डिंग ऐकत बसले. मी भाजी चिरत होते. भाषण संपलं, टाळ्या झाल्या, खुर्च्या सरकल्या. मग माइकपाशी कुणीतरी फोनवर हळू आवाजात सांगितलं, की म्हातारा मागच्या दाराने निघेल, फक्त जबड्यावर द्या, मतदानाच्या दिवसापर्यंत बोलता कामा नये. आवाज अध्यक्षभावजींचा होता. माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. ह्यांनी मशीन बंद केलं तेव्हा धप्प झालं.

तेव्हापासून ते त्या रेकॉर्डिंगचं कार्ड शर्टाच्या खिशात घेऊन फिरतात. शर्ट बदलला की खिसा बदलतो, कार्ड तेच. मला म्हणतात, कुणाला बोलू नकोस. मी बोलले नाही, लिहिलं.

लोभ तुम्हा दोघांचाही आहे, म्हणून मधल्या मध्ये माझी पंचाईत होते.

तुमची,
वहिनी


१९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीवर रागावू नकोस. तुझं पत्र कोरा कागद वाटत होतं.

कार्ड पोलिसांना दे. आजच दे. नियमाची ओळ वगैरे गेली खड्ड्यात. मास्तर पाटीवर लिहून बोलतात आणि तू हवा गरम आहे म्हणून कळवतोस! तुझ्या खिशात ज्याचा आवाज आहे तो तुझा मित्र आहे, मान्य. मास्तर तुझे कोण आहेत? पाण्यात राहून माशाशी वैर नको असं तू म्हणशील. दादा, हा मासा नाही.

उत्तराची नाही, बातमीची वाट पाहते.

तुझी,
धाकटी


२३ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आजच दे, हे दोन शब्द लिहायला तुला किती वेळ लागला? उचलली जीभ लावली टाळ्याला. तुझ्या चारशे मैलांवरच्या खिशात कार्ड नाही.

वहिनीच्या ऑपरेशनच्या वेळी तू परीक्षेसाठी गेली होतीस. सहा दिवस दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी कोण बसलं होतं? रक्त कुणी दिलं? तिच्या अंगात अजून त्याचं रक्त आहे असं ती स्वतः म्हणायची, आता म्हणत नाही. वडील गेले तेव्हा मी धाय मोकलून रडलो, ते त्याच्या खांद्यावर. ही मैत्री म्हणजे काय धोतऱ्याचं झुडूप आहे, की उपटलं आणि दिलं फेकून?

आणि आवाज त्याचाच कशावरून? असं मी स्वतःला विचारून पाहिलं. माझ्याकडे वही आहे, शहरात जो जो बोलतो त्याच्या आवाजाचं एक पान. कुणाचा खर्ज कमी करायचा, कुणाला माइकपासून वीतभर लांब ठेवायचं. अध्यक्षाच्या पानावर लिहिलं आहे, ‘स’ म्हणताना शीळ वाजते, म्हणून मशीनची वरची पट्टी दोन घर खाली. कार्डावर शीळ आहे.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मला थोडे दिवस दे. एवढंच मागतो.

तुझा,
दादा


२७ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

थोडे दिवस घे. आमच्याकडे आजच बातमी आली, की तुमच्या अध्यक्षाचं फर्निचरचं दुकान भर दुपारी कुणीतरी पेटवलं. बाइंडिंगच्या खोलीत आम्ही सहाजणी, सगळ्या एका मताच्या. चष्मेवाली जाऊन केक घेऊन आली. कापताना कागद कापायची सुरी वापरली, म्हणून सरस लागलेला भाग सोडून खाल्ला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. तू नाही दिलंस तरी न्याय आपला रस्ता शोधतो.

नियमाची ओळ: पेरलं ते उगवलं.

लोभ असावा, आज जरा जास्तच.

तुझी,
धाकटी


३१ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

त्या दुकानात तुमच्या पक्षाला मत देणारा एकच माणूस होता, पॉलिशवाले काका. चाळीस वर्षं ते अध्यक्षाच्या खुर्च्या चमकवतात आणि त्याच्याशी वाद घालतात. दुपारी दुकान बंद करून सगळे जेवायला जातात, काका मागच्या खोलीत सोफ्यावर आडवे होतात. पॉलिशच्या डब्यांनी झटकन पेट घेतला. काकांनी मागचं दार हातांनी ढकललं, ते पत्र्याचं होतं. दोन्ही पंजे गेल्यात जमा आहेत. डॉक्टर म्हणतात, बोटं राहतील, पकड राहणार नाही.

पेटवणारे सापडले. मास्तरांच्या सभेत खुर्च्या लावत होते ते तुमच्या पक्षाचे दोघे.

मी धावत गेलो तेव्हा अध्यक्ष रस्त्यावर काकांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. गाडी त्यांना घेऊन गेल्यावर माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. म्हणाला, ही माणसं नाहीत, ह्यांना बोलून भागत नाही. कार्ड खिशात होतं, मिठीत ते छातीला टोचत होतं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. आणखी काय करणार होतो?

आता या माणसावर मी आणखी कार्ड टाकू? तूच सांग. केक कसला होता तेही सांग.

तुझा,
दादा


४ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

केक चॉकलेटचा होता. मी दोन तुकडे खाल्ले. आधीच्या पत्रात आकडा लिहिला नव्हता.

तुझं पत्र मी दुपारच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलं. काकांच्या पंज्यापर्यंत आले आणि थांबले. सगळ्या डब्यात बघत होत्या. चष्मेवाली म्हणाली, वाईट झालं, पण सुरुवात कुणी केली तेही बघायला हवं. अगदी शांतपणे म्हणाली, जशी मी तुला लिहिते तशीच. मला माझी लाज वाटली दादा. शिसारी आली म्हटलं तरी चालेल. मी म्हटलं, पुन्हा या खोलीत असा केक आला तर मी तो ग्रंथपालांच्या टेबलावर नेऊन ठेवीन आणि कशासाठी आणला ते सांगेन. त्यानंतर मी एकटी जेवते. खिडकीजवळची जागा मिळाली, उजेड चांगला आहे.

मी तुला बाब्या आणि कार्टं शिकवत होते. माझेही बाब्या निघाले, दोघे, खुर्च्या लावणारे.

कार्ड दे असं मी आता सांगणार नाही. सांगायचा हक्क केकबरोबर खाऊन बसले. तू देऊ नकोस असंही म्हणत नाही. तू जे करशील त्यानंतरही पत्र लिही, एवढं कर. आईवडील गेल्यावर मला या जगात अक्षरावरून बोलणारं दुसरं कुणी नाही.

नियमाची ओळ आज माझ्याकडे नाही.

तुझी,
धाकटी


१२ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

दिलं.

गुरुवारी संध्याकाळी अध्यक्षाने जळक्या दुकानासमोर शांततेची सभा ठेवली होती. माइक माझाच. मी वहीतलं पान उघडलं, वरची पट्टी दोन घर खाली घेतली. तो नेहमीसारखा माइकपाशी आला आणि मागे आवाज येतोय का म्हणून मला विचारलं. तीस वर्षं मी त्याला येतोय म्हणून हात वर करतो आहे. त्या दिवशीही हात वर झाला. मग तो अर्धा तास हिंसेविरुद्ध बोलला, आणि इतकं सुंदर बोलला, की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. शेवटी म्हणाला, माणसाने माणसाला शब्दानेच उत्तर दिलं पाहिजे. हे वाक्य बोलताना दोन वेळा शीळ वाजली. मला त्या क्षणी काका आणि मास्तर एकाच दवाखान्यात आहेत हे आठवलं, वरच्या आणि खालच्या मजल्यावर.

सकाळी आधी त्याच्या घरी गेलो. पाठीमागून द्यायचं नव्हतं. सांगितलं, की कार्ड आहे, त्यावर तू आहेस, आणि मी चौकीवर निघालो आहे. आधी हसला. मग वहिनीला माहीत आहे का विचारलं. मी हो म्हटल्यावर तो खाली बसला. म्हणाला, मास्तरांना फक्त गप्प करायचं होतं, इतकं लागेल असं वाटलं नव्हतं. मग चाळीस वर्षं, एवढंच म्हणाला. मी म्हटलं, हो, चाळीस. जिन्यात माझा गुडघा धरला, तर सवयीने आधार द्यायला उठला आणि मग पुन्हा बसला.

इन्स्पेक्टरने दोनदा ऐकलं. आवाज त्याचाच कशावरून असं विचारलं. मी वहीचं पान दाखवलं. ते फाडून त्यांनी ठेवून घेतलं, त्याच्या जोडीचं पान सुटलं. वही शिवून घ्यायला तुझ्याकडे पाठवतो आहे, एवढी बाइंडरीण घरात असून सुट्टं पान बरं दिसत नाही.

वहिनी म्हणते, आता निदान बटण लवकर दाबत जा. मी नाही म्हटलं.

लोभ असू दे, इकडचा बराच कमी झाला आहे.

तुझा,
दादा


२० जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

वही पोचली. शिवण अशी आहे की माझ्यानंतरही टिकेल.

निवडणुकीचं तुला माहीत आहेच, मास्तर आपटले. मी म्हटलंच होतं. आमच्या पक्षाच्या लोकांनी मला फितूर ठरवून माइकचं काम दुसऱ्याला दिलं. तुमच्या पक्षाचे म्हणतात, हा मूळचा त्यांचाच, ऐन वेळी आवाज घालवेल. त्यामुळे तीन महिने स्पीकर पुसतो आहे. रस्त्यात लोक घड्याळ बघत निघून जातात. अध्यक्ष आत आहे. भेटायला गेलो होतो, त्याने भेट नाकारली. पुन्हा जाईन.

काल मास्तरांनी बोलावलं. तारा निघाल्या आहेत, पण तोंड बोटभरच उघडतं आणि आवाज फुंकरीएवढा उरला आहे. त्यांना बोलायचं होतं, म्हणून सभेला शाळेचा जुना वर्ग मागून घेतला. साठ खुर्च्या मांडल्या, अठरा माणसं आली. पॉलिशवाले काका पहिल्या रांगेत, हात मांडीवर उताणे ठेवून. वहिनी मागच्या रांगेत मुद्दाम जाऊन बसली, ऐकू आलं नाही तर खूण करायला. दारात दोन पोलीस.

वहीतलं मास्तरांचं जुनं पान आता कामाचं नव्हतं. नवं लिहायला तासभर गेला. माइक ओठांशी टेकवला, पंखे बंद केले, खिडक्या लावल्या, सगळी यंत्रं शेवटच्या घरापर्यंत नेली. घामाने लोक भिजले, पण कुणी उठलं नाही. वहिनीने एकदाही खूण केली नाही. शेवटी काकांना टाळ्या वाजवता येईनात, तर त्यांनी पाय आपटले.

रजा मिळाली की ये. दोन्ही पक्षांनी टाकलेला भाऊ आहे, वाद घालायला मोकळा असतो.

तुझा,
दादा

ता. क. नियमाची ओळ राहिली: मास्तरांचं एक वाक्य मला पटलं नाही, आणि एकही वाया जाऊ दिलं नाही.